कुंकू लावलेली कोंबडी

कोंबडी माणसाकडे कधी दोन्ही डोळ्यांनी एकदम बघत नाही. मान तिरकी करते, एक डोळा तुमच्यावर लावते. मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने तीच तपासणी पुन्हा करते, कारण पहिल्याने जे सांगितलं त्यावर तिचा विश्वास नसतो. हातात तांदूळ असले तरी आधी हात बघते, मग तांदूळ. मला लहानपणापासून कोंबड्या आवडतात त्या बहुतेक यामुळेच. आमचं घरही असंच होतं.

घर भिवंडीच्या कडेला, कल्याणच्या रस्त्यापासून थोडं आत. बाबांच्या लहानपणी तिथे भातशेती होती म्हणे. मला आठवतात ते लूमचे कारखाने. भिंतीला भिंत लागून, दिवसरात्र खटखट. त्या आवाजात आम्ही झोपायचो, अभ्यास करायचो, आणि कोंबड्या अंडी घालायच्या. पुढे लोडशेडिंगची वर्षं आली. वीज जायची, सगळे लूम एकदम थांबायचे, आणि आमच्या कोंबड्या घाबरून एका जागी उभ्या राहायच्या. शांततेचाच त्यांना संशय यायचा.

कोंबड्या आईच्या. तांबडी ही आईच्या माहेरची, पडघ्याच्या पलीकडच्या गावातून पिशवीत घालून आणलेली. तिच्या डाव्या पायाचं कडेचं बोट टोकाला कापलेलं होतं. आईच्या माहेरी पिल्लं लहान असतानाच अशी खूण करतात, म्हणजे शेजाऱ्यांच्या कोंबड्यांत मिसळली तरी आपली ओळखू येते. आई लग्न होऊन आली तशी ही पद्धतही तिच्याबरोबर आली.

तांबडीचं सुख मी कसं सांगू ते मला नीट कळत नाही. कॉलेजात मी हे कधी बोलले नाही. पहिल्याच वर्षी एकदा तोंडातून 'कोंबरी' असं गेलं आणि बाकावरच्या मुली हसल्या. त्यानंतर मी बाहेर 'कोंबडी' म्हणायला शिकले आणि मग कोंबड्यांबद्दल बोलायचंच सोडलं. पण सकाळी गरम अंडं हातात घेऊन ते मिटलेल्या पापणीला लावायचं, त्याची ऊब डोळ्यात उतरते. दुपारी राखेच्या खड्ड्यात एक पंख पसरून आडव्या पडलेल्या कोंबड्या बघायच्या. आधी वाटतं मेल्याच, मग त्या उठून सगळी राख आपल्यावर झटकतात. मी पायरीवर पुस्तक घेऊन बसले की तांबडी येऊन पायावर बसायची. तिच्या पोटाखाली पाय झोपला तरी मी हलवायची नाही.

आणि रोज संध्याकाळी एक काम असायचं. कारखान्यांतून सुताचा कचरा उडून अंगणात यायचा. रंगीत, पांढरे, चमकणारे धागे. कोंबड्या त्यात चालल्या की पायांना गुंडाळले जायचे, घट्ट होत होत बोट काळं पडायचं. म्हणून खुराड्यात घालण्याआधी आई एकेकीला मांडीवर उलटी धरायची आणि मी छोट्या कात्रीने धागे कापायची. उलटी धरलेली कोंबडी अगदी शांत होते. तेवढा वेळच ती संशय घेत नाही.

आमचं आणि काकीचं अंगण पूर्वी एकच होतं. काकी म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. माझ्या दहावीच्या सुमाराला दोन भावांत जागेवरून बिनसलं आणि अंगणाच्या मधोमध भिंत आली. भिंत पुरुषांनी बांधली, पण बोलणं बायकांनीही बंद केलं. त्याआधी आईने काकीला आपली एक कवडी कोंबडी, म्हणजे ठिपक्याठिपक्यांची, अर्धेलीने दिली होती. आमच्याकडे ही रीत आहे. कोंबडी एकीची, सांभाळायची दुसरीने, पिल्लं निघतील ती निम्मी निम्मी. मग कोंबड्यांत मर आली, माना वाकड्या होऊन त्या मरू लागल्या. आमच्याकडे माहेरची अशी एकटी तांबडी राहिली, बाकीच्या नंतर बाजारातून आणल्या. कवडीही गेली, असं काकीने भिंतीच्या आधी आईला सांगितलं होतं. आईने तेव्हा ते मानलं. पण भिंत झाल्यावर अधूनमधून म्हणायची, "गेली का ठेवली, देव जाने."

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते त्या हिवाळ्यात बर्ड फ्लूची बातमी आली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून पेपर वाचायचं काम माझ्याकडे. नवापूरकडे कोंबड्या मारून पुरल्या, असं मी वाचून दाखवलं. आई खुराड्याकडे बघत ऐकत होती. तिथे तांबडी अंड्यांवर बसली होती. तांबडी आता म्हातारी झाली होती, हे तिचं शेवटचं बसणं असणार हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मरीनंतर माहेरची अशी ती एकटीच उरलेली. तिची पिल्लं निघाली तर आईच्या माहेरचं ते बियाणं राहणार, नाहीतर संपणार.

"सगल्या मारतात? बऱ्या असल्या तरी?" आईने विचारलं.

"जिथे रोग सापडेल त्याच्या आसपासच्या सगळ्या," मी म्हणाले.

त्या दिवसापासून दारात येणारा कोणीही आईला साधा वाटेना. मीटर बघायला माणूस आला, आईने खुराड्यावर गोणपाट टाकलं. पोलिओच्या बाई आल्या, तिने विचारलं, "अंगनात कशाला बगताय? पोर घरात न्हाय लहान." सायकलवरून कोंबड्या विकणारा नेहमीचा माणूस "मौसी, क्या हुआ, आज पानी भी नहीं पूछा?" म्हणत उन्हात थांबला, तरी तिने फाटक उघडलं नाही. आणि एके दिवशी मी घरी आल्यावर चप्पल काढायच्या आत तिने मला विचारलं, "तू कालेजात बोललीस तं न्हाय ना? आपल्याकरं कोंबऱ्या हायेत म्हनून?"

"नाही गं."

"मास्तरला?"

"आई, मास्तर मला ओळखतही नाहीत."

तिने मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं. मला वाटतं तिचा पूर्ण विश्वास बसला नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दिवे लागायच्या वेळेला, आई खुराडं लावायला गेली आणि तिथूनच ओरडली, "हिकरं ये! हात नको लावू!"

अंगणात भिंतीलगत एक अनोळखी कोंबडी उभी होती. कवड्या रंगाची, धडधाकट, चांगली भरलेली. पाठीवर हळद, मानेच्या पिसांवर कुंकू, आणि पायाला लाल धागा.

"कोणाची आहे?" मी विचारलं.

"कोनाची न्हाय. सोरलेली हाय."

सोडलेली म्हणजे उताऱ्याची. घरात किंवा खुराड्यात आजार शिरला की काही लोक कोंबडी ओवाळतात, हळदकुंकू लावतात आणि हद्दीबाहेर सोडून देतात. आजार तिच्याबरोबर जातो. ती ज्याच्या दारात जाईल त्याच्याकडे जातो. अशी कोंबडी मारायची नाही, खायची नाही, आणि हाकललीही तर कोप होतो, असं आई मानायची.

मी धाग्याकडे बोट दाखवलं. "लूमचं सूत असेल, आपल्यांच्या पण पायाला अडकतं."

"सूत अरकतं. त्याला गाठ बसत न्हाय," आई म्हणाली. मी वाकून बघितलं. गाठ होती.

मला उतारा पटत नव्हता. पण खरं सांगायचं तर मलाही त्या कोंबडीची भीती वाटली, फक्त माझ्या भीतीचं नाव वेगळं होतं. मी म्हणाले की पेपरात लिहिलंय, बाहेरून आलेला पक्षी आपल्यांत मिसळू द्यायचा नाही, लांब ठेवायचा. आईने आश्चर्याने माझ्याकडे बघितलं. "पेपरात पन तसंच लिवलंय?" मी शिकायला लागल्यापासून आमचं दोघींचं पहिल्यांदाच एका गोष्टीवर इतकं पटलं असेल. कोंबड्या झाकायचं डालगं काठीने ढकलत आम्ही तिच्यावर टाकलं, वर दगड ठेवला. शेवग्याच्या झाडाखाली, भिंतीला लागून, तांबडीपासून जमेल तितकं लांब.

मग कोणी सोडली याचा विचार सुरू झाला. आई भाकऱ्या थापता थापता एकेकाचं घर घ्यायची आणि सोडायची. शेवटी भिंतीपाशी यायची.

"तिचा कोंबरा आरवत न्हाय. ऐकलंस का चार दिवसात? का आरवत न्हाय?"

हे मात्र माझ्याही लक्षात आलं होतं. काकीच्या बाजूने पूर्वी पहाटे कोंबडा आरवायचा, दिवसभर कोंबड्यांची कुरकुर असायची. आता फक्त लूमची खटखट. आई म्हणाली, तिच्याकडे आजार शिरला आणि तिने तो आपल्याकडे पाठवला. माझ्या मनात आलं, काकीच्या कोंबड्या मेल्या आहेत आणि ती लपवते आहे. दोन्हींत फार फरक नव्हता. मी कॉलेजला जाताना काकीच्या फाटकावरून मुद्दाम हळू चालायची, उकरलेली माती दिसते का बघायची. काकी ओट्यावर धान्य निवडत बसलेली असायची. ती माझ्याकडे बघायची, मी खाली बघायची.

ही नवी कवडी डालग्यात आजारी पडेना. मी रोज पेपरातली लक्षणं तिच्यात शोधायची. तुरा निळा नाही, मान वाकडी नाही, नाक वाहत नाही. उलट तिने अंडं घातलं. मग अजून एक. ती अंडी खायची कोणाची हिंमत होईना आणि फेकायचीही होईना. ती तशीच डालग्याच्या एका कोपऱ्यात साठत गेली. आईने त्या बाजूला बघायचंही सोडलं. पाणी मी लांबूनच सरकवायची.

एकदा तसं पाणी देताना मी म्हणाले, "हिचं एक बोट तुटलंय गं."

आई दाराशी तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"खोराची हाय?" म्हणजे तिच्यात खोड आहे, व्यंग आहे? "खोराची कोंबरी देवाला चालत न्हाय. उतारा पन होत न्हाय तिचा."

"मग?"

ती पाखडत राहिली, पण सूप जोरात आपटत होतं. कोणतं बोट, कोणता पाय, हे तिने विचारलं नाही. मला आता वाटतं, तेव्हाच तिच्या मनाला काहीतरी शिवलं असणार आणि ते तिला नको होतं. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, अमावास्या झाली की हिला खाडीपलीकडे सोडून यायचं. तांबडीची पिल्लं निघायच्या आत हे घरातून गेलं पाहिजे.

त्यानंतर मला डालग्यात कणी दिसली. आम्ही कवडीला कोंडा आणि उरलेला भात टाकायचो. ही कोरडी तांदळाची कणी होती, ताजी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आईला सांगावं की नाही ते मला कळेना. सांगितलं तर काय होईल ते कळत होतं. मी कॉलेज बुडवलं आणि दुपारी शेवग्याच्या बाजूला, पाण्याच्या पिंपामागे बसले. वीज गेली. लूम थांबले, आमच्या कोंबड्या नेहमीसारख्या थिजल्या. आणि त्या शांततेत भिंतीच्या खालच्या भोकातून, जिथून पावसाचं पाणी जातं, एक हात आत आला. हिरव्या बांगड्या. मूठ उघडली आणि कणी डालग्याच्या फटीत पडली.

मी आईला बोलावलं. वाटेत तिला समजावायचं ठरवलं होतं, पण ती माझ्या पुढेच निघून गेली.

"काय टाकतेस गो आमच्या डालग्यात?"

दुसरी मूठ घेऊन आलेला हात सर्रकन मागे गेला. मग काकी बोलली. तिचा आवाज इतक्या जवळून मी भिंत झाल्यापासून ऐकला नव्हता.

"कनी टाकते. इख न्हाय टाकत."

"मंतरलेली कनी असंल."

"मना मंतर येत असता तं पयली ही भित पारली असती!"

मला हसू आलं, मी तोंडावर हात ठेवला. आईला आलं नाही.

"कोंबरी कशाला सोरलीस मग आमच्या दारात? आजार तुझ्या घरात, तो तू ठेव."

"सोरली?" काकीचा आवाज चढला. "सोरली कोनी? वाटा हाय तो तुझा! अर्धेलीचा वाटा! कवरी मेली, तिची पोर जगली व्हती एक. तुझ्या वाट्याची म्हनून बोट पन तुझ्या माहेरासारखंच कापलंय मीनी. पाय तरी बगितलास का तिचा?"

आईची नजर डालग्याकडे गेली.

"कुंकू कशाला लावलंस?" तिने विचारलं, आता जरा खालच्या आवाजात.

"मग काय तशीच देऊ? घरातनं जित्राब जातं तं हलद-कुंकू लावून जातं. तुझ्या सासूनी शिकवलंय."

"माझ्या सासूनी?"

"आपल्या," काकी म्हणाली.

"आनि तो धागा?"

"पाय बांधल्याबिगर कोंबरी आनता येते का गो? निम्मा सोरला, निम्मा राह्यला. अंधार परत व्हता. भितीवरनं खाली सोरताना कोनी बगेल म्हनून घाई."

"हाक मारायची व्हती."

"कोनाला? तू मना तोंड दाखवतेस?"

मी मध्ये बोलू नये हे मला कळत होतं, तरी मी विचारलं, "काकी, तुमचा कोंबडा का आरवत नाही?"

"विकल्या सगल्या. पोरगा म्हनला, फ्लूवाले येऊन नेतील त्यापेक्षा बाजारात दे. मी म्हनली, माज्या दे. दुसरीचा वाटा विकून खाल्लेला पचत न्हाय."

"आता कोन घेतं कोंबऱ्या? लोक अंडं खायना झालेत," आई लगेच म्हणाली.

"घेतल्या एकानी," काकी म्हणाली आणि तिची पावलं घराकडे गेली.

ते खरं होतं का, मला आजही सांगता येत नाही. उकरलेली माती मला कधी दिसली नाही, आणि ज्याने घेतल्या तोही कधी दिसला नाही. पण आईने त्याच वेळी दगड बाजूला केला, डालग्याखाली हात घातला आणि कवडीला मांडीवर उलटी धरली. डावा पाय, कडेचं बोट. तिने त्या टोकावरून अंगठा फिरवला. मग मला म्हणाली, "कात्री आन." पायातला लाल धागा मी कापला. कोंबडी शांत पडून होती.

तरी आईने तिला लगेच मोकळं केलं नाही. "पेपरात किती दिवस लांब ठेव म्हनून लिवलंय?" तिने विचारलं. मला नक्की आठवत नव्हतं, मी म्हणाले, तांबडीची पिल्लं निघेपर्यंत राहू दे. डालगं फक्त भिंतीलगतच जरा दाट सावलीत सरकलं. कणी रोज येत राहिली. आईने ती थांबवली नाही. अमावास्या आली आणि गेली, खाडीचं नाव कोणी काढलं नाही.

पिल्लं निघाली त्या सकाळी मी कॉलेजला उशिरा गेले. काही अंडी वाया गेली, पण बाकीची फुटली. तांबडी त्यांच्यावर पंख टाकून बसली होती आणि आम्हालाही जवळ येऊ देत नव्हती, एका डोळ्याने बघायची, मग दुसऱ्या. आईने पिल्लांची बोटं कापली तेव्हा काहींची कापली आणि काहींची तशीच सोडली. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तुना काय करायचंय."

महापालिकेचं कोणी आमच्या गल्लीत आलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी पिल्लं मोठी झाली. तांबडी तोपर्यंत थकून सारखी सावलीत बसायला लागली होती. एका सकाळी आईने अख्ख्या बोटांची एक तलंग, म्हणजे अजून अंडी न घालणारी तरणी कोंबडी, पकडली, तिच्या पाठीला हळद लावली, मानेला कुंकू लावलं, आणि ती माझ्या हातात दिली. पुढे आई, मागे मी. भिंतीवरून नाही, फाटकातून बाहेर, रस्त्याने वळून, लूमवर जाणाऱ्या लोकांच्या देखत आम्ही काकीच्या फाटकाशी आलो. माझ्या वर्गातली एक मुलगी तिथून चालली होती. कुंकू लावलेली कोंबडी काखेत धरलेली तिने मला बघितलं असणार. मी कोंबडी खाली केली नाही.

आई फाटकाशी थांबून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ए गो! सोरलेली न्हाय हां. अर्धेलीनं देते. बाहेर ये."

काकी ओट्यावरून उठून आली. आधी आईकडे बघितलं नाही. माझ्या हातातून तलंग घेतली, उलटी केली, आणि डावा पाय वर धरून बघितला. मग उजवा.

"बोट कापलं न्हायस," ती म्हणाली.

"तुझ्या घरची खून तू कर," आई म्हणाली.

काकीने मान तिरकी करून आईकडे बघितलं. मग पाय पुन्हा एकदा बघितला, आणि फाटकाची कडी काढली.